पानात बसवलेलं चाक

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातून सेंट ऑल्बन्सला पोहोचायला वीस-बावीस मिनिटं लागतात. डब्यातले बहुतेक लोक ल्यूटन विमानतळाकडे निघालेले, मोठाल्या बॅगा सांभाळत बसलेले. मठ बघायला निघालेल्या आम्ही दोघीच. माझी भाची सई लंडनला सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सुट्टी काढून ती माझ्याबरोबर आली होती आणि त्या सुट्टीचा हिशेब ती मागणारच होती. "मावशी, तुझी पुस्तकं केंब्रिजला आहेत ना? मग आपण इकडे कुठे चाललोय?"

पुस्तकं कसली, ते आधी सांगते. मध्ययुगीन युरोपातल्या काही हस्तलिखितांच्या पानांत हलते भाग बसवलेले असतात. चर्मपत्राच्या गोल चकत्या कापून एकावर एक ठेवायच्या, मधोमध भोक पाडून त्यातून दोरा किंवा चर्मपत्राचीच बारीक पट्टी ओवायची आणि मागे गाठ मारायची. चकती बोटाने फिरवली की तिचा काटा कडेच्या आकड्यावर किंवा राशीवर येतो आणि हवं ते उत्तर समोर असतं. याला व्हॉल्व्हेल म्हणतात. काही पानांना कडेने झडपा चिकटवलेल्या असतात. त्या उघडल्या की पान रुंद होतं. कुठे वाचनखूणच अशी की पान, रकाना आणि ओळ तिन्ही लक्षात ठेवते. युरोपात तेराव्या शतकापासून ही करामत दिसू लागते. त्या आणि पुढच्या शतकात मिळून एकट्या सेंट ऑल्बन्सच्या मठात अशा कामांत डोकं घालणारे तीन मठवासी होऊन गेले: मॅथ्यू पॅरिस, रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड आणि जॉन वेस्टविक. पुस्तकं आज केंब्रिज, लंडन, ऑक्सफर्डला विखुरली आहेत. ती जिथून निघाली ती जागा मला आधी पाहायची होती.

गावात शिरलं की कॅथेड्रलचा मनोरा दिसतो, लालसर, विटांचा. इंग्लंडमधली मोठी चर्चेस बहुधा दगडी, पण इथे जवळच व्हेरुलॅमियम नावाचं रोमन शहर ओसाड पडलेलं होतं. 1077 नंतर नॉर्मन मठाधिपतीने नवं चर्च बांधायला काढलं तेव्हा तिथल्या विटा उचलून आणल्या आणि काम भागवलं. आतलं मुख्य दालन इतकं लांब आहे की टोकाशी उभा माणूस अंगठ्याएवढा दिसतो. उत्तरेकडच्या खांबांवर तेराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत. धर्मसुधारणेच्या काळात त्यांच्यावर चुना फासला गेला होता, एकोणिसाव्या शतकात तो खरवडून काढला. रंग विटलेत, पण रेषा शाबूत आहेत.

मठ मात्र नाही. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने तो बंद झाला, इमारती पाडल्या गेल्या, पुस्तकं मिळतील त्या हातांत गेली. मठाचं म्हणून उरलेलं एक भरभक्कम प्रवेशद्वार आहे, ते आता शेजारच्या शाळेच्या ताब्यात आहे. जिथे लेखनशाळा असेल तिथे हिरवळ आहे. सई म्हणाली, "म्हणजे बघायला काही नाही." तसं म्हटलं तर नाहीच.

मॅथ्यू पॅरिस 1217 मध्ये इथे दाखल झाला आणि 1259 च्या सुमाराला वारला. मधली चाळीसहून अधिक वर्षं त्याने लिहिण्यात आणि चित्रं काढण्यात घालवली. त्याचा मोठा ग्रंथ म्हणजे 'क्रोनिका मायोरा', जगाच्या उत्पत्तीपासून स्वतःच्या काळापर्यंतचा इतिहास, तीन खंडांत. राजेरजवाडे मठात मुक्कामाला येत, मॅथ्यू त्यांच्याकडून बातम्या काढून घेई आणि मागाहून त्यांच्यावरच टीकाही लिहून ठेवी. राजाने कर वाढवले की तो चिडे, पोपने पैसे मागितले की त्याहून जास्त चिडे. इतका भांडखोर आणि इतका टापटिपीचा माणूस एकाच अंगरख्यात मावला, हे मला फार आवडतं.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीच्या पानांत त्याने ईस्टरची चकती बसवली आहे. युरोपातल्या सगळ्यांत जुन्या ज्ञात व्हॉल्व्हेलांपैकी ती एक. ईस्टर कधी, हा प्रश्न तेव्हा साधा नव्हता. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा पहिला रविवार, हा नियम. म्हणजे सण 22 मार्च ते 25 एप्रिल या 35 दिवसांत कुठेही पडू शकतो, आणि उपवासापासून पेंटेकॉस्टपर्यंतचा तीन-सव्वातीन महिन्यांचा बेत त्या एका रविवारावर टांगलेला. वसईत आणि गोव्यात हे समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांना गुड फ्रायडेची सुट्टी दरवर्षी नव्या तारखेला कशी येते, एवढं तरी माहीत असतं.

यामागचं गणित आपल्या ओळखीचं आहे. तिथीने येणारा वाढदिवस आणि तारखेने येणारा वाढदिवस एकोणिसाव्या वर्षी पुन्हा जुळतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. 19 सौर वर्षं आणि 235 चांद्रमास जवळजवळ सारखे भरतात. म्हणून आपण 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतो. ईस्टरसाठी याच 19 वर्षांच्या चक्राला वारांच्या 28 वर्षांच्या चक्राने गुणायचं. 532 आले. जुन्या जूलियन कालगणनेत दर 532 वर्षांनी ईस्टरच्या तारखांची माळ पहिल्यापासून पुन्हा सुरू होते.

माळ पुन्हा सुरू होते म्हटल्यावर ती गोल लिहिणंच योग्य. पण गोल लिहिली की अर्धे आकडे उलटे येतात. वाचणाऱ्याने मान वाकडी करायची किंवा पुस्तक फिरवायचं. मॅथ्यूचं पुस्तक एका फुटाहून उंच, शेकडो चर्मपत्रांचं, फळ्यांच्या बांधणीचं. ते मेजावर गरगर फिरवणं शक्य नाही. मग फक्त वर्तुळ फिरवायचं. पुस्तक जागेवर राहतं.

मला ही युक्ती समजली ती आपल्या पोथीमुळे. रुमालात बांधलेल्या पोथीची पानं सुटी असतात. चक्रबंधासारखं गोल लिहिलेलं चित्रकाव्य वाचायचं तर पान उचलून हातात फिरवता येतं, त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. पाठीला शिवलेल्या ग्रंथात पान अडकून पडतं. व्हॉल्व्हेल म्हणजे शिवलेल्या पुस्तकातून तेवढं एक वर्तुळ सोडवून घेणं. तिला 'मध्ययुगीन संगणक' म्हणायची आता पद्धत पडली आहे. मला त्यात संगणकापेक्षा पुस्तक हाताळून कंटाळलेला माणूस दिसतो.

सईला हे पटलं नाही. "इनपुट देतेस, आउटपुट मिळतं. मग कॉम्प्युटर का नाही?" मी म्हटलं, चकती काही मोजत नाही, मोजणाऱ्याने सगळं मोजून आधीच कडेला लिहून ठेवलंय, चकती फक्त योग्य जागी बोट नेते. ती जरा थांबून म्हणाली, "ओके, मग लुकअप टेबल." यावर आमचा समझोता झाला.

मॅथ्यूची दुसरी करामत झडपांची आहे आणि मला ती चकतीपेक्षाही मोठी वाटते. त्याने लंडनहून जेरुसलेमला जायचा रस्ता काढला आहे, पानावर उभ्या पट्ट्यांत. खालून वर वाचत जायचं. एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत एक रेघ आणि त्या रेघेवर फ्रेंचमध्ये 'एक दिवसाची चाल'. प्रत्येक मुक्कामाचं बारीकसं चित्र: तटबंदी, एखादा मनोरा, नदीवरचा पूल. लंडन, डोव्हर, खाडीपलीकडे फ्रान्स, मग आल्प्स, मग इटली. इटलीशी आल्यावर वाटा फुटतात आणि पट्टी अपुरी पडते. तिथे त्याने कडेला चर्मपत्राचे तुकडे चिकटवले. ते उघडले की रोम आणि सिसिली बाहेर येतात. पुढे आकरचं बंदर, तिथे उंटही आहे, आणि जेरुसलेम.

बेनेडिक्टाईन मठवाशाने आपला मठ सोडून हिंडायचं नाही, असं व्रत असे. मॅथ्यू स्वतः कामासाठी 1248 मध्ये नॉर्वेला जाऊन आला, पण बहुतेकांचं आयुष्य त्या भिंतींच्या आत संपे. त्यामुळे काही अभ्यासकांचं म्हणणं असं की हा नकाशा वाटसरूसाठी नाहीच. मठात बसल्या बसल्या, पानं उलटत, झडपा उघडत मनाने यात्रा करायची, त्यासाठी तो आहे. मला हे म्हणणं पटतं. मुक्काम-मुक्काम करत जाणारी वाट, तीही बोटाने खालून वर चढायची, ही चालणाऱ्याची सोय नव्हे. चालणारा एवढं अवजड पुस्तक घेऊन निघणार नाही. झडप उघडताना हात थांबतो, पुढे काय आहे ते दिसत नाही, मग दिसतं. रस्त्यावरचं वळण कागदावर आणायचं तर याहून चांगला उपाय मला सुचत नाही.

जाता जाता हत्तीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1255 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला हत्ती भेट दिला. टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याच्यासाठी घर बांधलं. मॅथ्यूने त्या हत्तीचं चित्र काढलं, शेजारी माहूत उभा केला, म्हणजे बघणाऱ्याला जनावराच्या आकाराचा अंदाज यावा. त्या काळची प्राण्यांची पुस्तकं हत्तीला गुडघे नसतात असं सांगत. मॅथ्यूच्या हत्तीला गुडघे आहेत. बिचारा हत्ती दोन वर्षांत वारला.

कॅथेड्रलमध्ये रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्डच्या घड्याळाची आधुनिक प्रतिकृती ठेवली आहे. रिचर्ड लोहाराचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला. वॉलिंगफर्डच्या मठप्रमुखाने त्याला वाढवला, ऑक्सफर्डला शिकवला. 1327 मध्ये तो सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती झाला आणि त्याच सुमाराला त्याला कुष्ठरोग जडला. मठावर कर्ज, चर्चची पडझड, गावकऱ्यांशी कज्जे, आणि हा गृहस्थ घड्याळ करत बसलेला. नुसतं तास सांगणारं नव्हे. सूर्य, चंद्र, ग्रहणं, भरती-ओहोटी दाखवणारं. तिसरा एडवर्ड राजा येऊन गेला आणि पडक्या भिंती सोडून यावर खर्च कशाला, म्हणून त्याने टोकलं. मठाच्या बखरीत रिचर्डचं उत्तर नोंदवलंय: भिंती बांधणारे मठाधिपती माझ्यामागून कितीतरी येतील, पण हे काम माझ्यामागे कुणाला पुरं करता येणार नाही. हे उद्धट उत्तर होतं आणि खरंही होतं. 1336 मध्ये तो गेला, घड्याळ दुसऱ्यांनी पुरं केलं खरं, पण त्याच्याच आराखड्यावरून. मठ मोडला तेव्हा घड्याळही गेलं. कसं चालायचं ते आज कळतं, कारण त्याच्या चाकांची टिपणं ऑक्सफर्डच्या एका हस्तलिखितात राहिली.

ब्रिटिश लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात त्याचं चित्र आहे. हातात कंपास, समोर धातूची चकती, तिच्यावर भाग पाडणं चाललंय आणि चेहऱ्यावर रोगाचे डाग. चित्रकाराने डाग झाकले नाहीत आणि काम थांबलेलंही दाखवलं नाही. रिचर्डने त्याआधी 'आल्बियन' नावाच्या यंत्रावर ग्रंथ लिहिला होता. एकाच उपकरणाच्या फिरत्या चकत्यांवर सगळ्या ग्रहांची स्थानं काढायची, अशी त्याची मांडणी.

संध्याकाळी सईच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही पुठ्ठा आणि कात्री घेऊन बसलो. नमुना होता यॉर्कच्या न्हावी-शल्यवैद्यांच्या संघाच्या पुस्तकातला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे पुस्तक आज ब्रिटिश लायब्ररीत एगर्टन 2572 या क्रमांकाने आहे. त्यातल्या एका पानावर व्हॉल्व्हेल आहे आणि चार कोपऱ्यांत चार संत: दोन जॉन आणि वैद्यांचे कैवारी कॉस्मस आणि डेमियन. आणखी एका पानावर उभा माणूस आहे, त्याच्या अवयवांवर राशी: डोक्यावर मेष, खांद्या-हातांवर मिथुन, पावलांवर मीन. चंद्र ज्या राशीत असेल तिच्या अवयवातून रक्त काढायचं नाही, हा दंडक. म्हणून रक्त काढण्याआधी चंद्र कुठे आहे ते कळलं पाहिजे.

अशा चंद्रचकतीची रचना सोपी आहे. सर्वांत खाली स्थिर वर्तुळ, त्यावर बारा राशी आणि वर्षाचे दिवस. त्यावर सूर्याची चकती, एक काटा असलेली, तिच्या कडेला 1 पासून 29½ पर्यंत आकडे; हे अमावास्येपासूनचे दिवस. सर्वांत वर चंद्राची चकती, तिलाही काटा. सूर्याचा काटा आजच्या तारखेवर आणायचा. मग सूर्याची चकती हलू न देता चंद्राचा काटा अमावास्येपासून जितके दिवस झाले त्या आकड्यावर न्यायचा. तो खाली ज्या राशीवर पडेल ती चंद्राची रास.

आम्ही सूर्य मीन राशीच्या मध्यावर ठेवला, चंद्र सात दिवसांचा धरला. काटा मिथुनेत गेला. सई लगेच मोबाइलवर पडताळू लागली; मी मनात पंचांग लावलं. 360 अंशांना 29½ ने भागलं की रोजचे बारा अंशांहून किंचित जास्त येतात. सूर्य-चंद्रातलं अंतर बारा-बारा अंशांनी वाढतं तशी एकेक तिथी होते. सात दिवसांना पंचाऐंशी अंश, म्हणजे अष्टमी. मीनेच्या मध्यापासून पंचाऐंशी अंश पुढे मोजले तर मिथुनच. यॉर्कच्या न्हाव्याने त्या दिवशी दंडातून रक्त काढलं नसतं. चंद्राची चाल रोज सारखी नसते, त्यामुळे चकती काही अंशांनी चुकणार. पण रास कळण्यापुरती ती बहुतेक वेळा पुरेशी आहे, आणि न्हाव्याला तेवढंच हवं होतं. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमाराला 'ग्रहलाघव' रचलं तेव्हा त्यांनीही ज्या-कोटिज्यांचा गुंता टाळून पंचांगकर्त्यांची अशीच सुटका केली होती. त्यांनी ती आकड्यांच्या रीतीने केली, यॉर्ककरांनी दोऱ्याच्या गाठीने.

गाठीचं महत्त्व करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आधी आम्ही टाचणी लावली. चकत्या फिरल्या, पण टाचणीचं डोकं पलीकडच्या कागदाला रुतलं आणि पुस्तक मिटलं असतं तर पुढची पानं भोसकली असती. दोरा मऊ, चपटा, पुस्तकात मिटतो. गाठ घट्ट झाली तर चकती अडते, सैल राहिली तर काटा घसरतो. जुन्या हस्तलिखितांत पुष्कळदा चकती निघून गेलेली असते आणि पानाच्या मधोमध नुसतं भोक उरतं. भोक दिसलं की समजायचं, इथे कधी काळी काहीतरी फिरत होतं.

केंब्रिजची गाडी किंग्ज क्रॉसहून सुटते, तासाभराच्या आत पोहोचवते. बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कायम गर्दी असते. तिथे भिंतीत मोठं सोनेरी घड्याळ बसवलंय, वर टोळासारखा राक्षसी किडा, त्याचा जबडा उघडतो आणि मिटतो. 2008 मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ते मुद्दाम अडखळतं आणि दर पाच मिनिटांनीच बरोबर वेळ दाखवतं. लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. ते घड्याळ कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं आहे आणि मॅथ्यूच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड त्याच कॉलेजच्या पार्कर ग्रंथालयात, क्रमांक 26 आणि 16. तिसरा ब्रिटिश लायब्ररीत.

मॅथ्यू पार्कर हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा आर्चबिशप. मठ मोडल्यावर रस्त्यावर आलेली पुस्तकं त्याने जमवली आणि 1574 मध्ये आपल्या जुन्या कॉलेजला देऊन टाकली. अट मात्र पक्की घातली: पुस्तकांची दरवर्षी मोजणी व्हायची, ठरलेल्या संख्येहून जास्त हरवली तर सगळा संग्रह शेजारच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजला जायचा, आणि त्यांनी हयगय केली तर ट्रिनिटी हॉलला. शेजाऱ्याच्या नजरेची भीती घालून पुस्तकं सांभाळायची ही रीत बघून मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. संग्रह आजही कॉर्पसमध्येच आहे.

आम्ही गेलो तेव्हा काचेखाली दुसरीच पुस्तकं उघडी होती. मॅथ्यूची चकती आम्ही पडद्यावर पाहिली. 2018 पासून पार्करची हस्तलिखितं इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतात आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण माझी एक तक्रार आहे, ती या ग्रंथालयापुरती नाही, जगभरच्या सगळ्याच संग्रहांबद्दल आहे. फिरण्यासाठी केलेली वस्तू एकाच स्थितीत टिपली जाते. चकती होती तिथे राहते, तिच्याखाली काय लिहिलंय ते झाकलेलंच राहतं. खऱ्या चकत्या सातशे वर्षांच्या आहेत, त्या कुणीही येऊन फिरवाव्यात असं माझं म्हणणं नाही. निदान दोन स्थितींतली छायाचित्रं काढा, झडप मिटलेली आणि झडप उघडलेली.

वाचनखुणेचीही हीच गत. मोठ्या बायबलमध्ये एका पानाला दोन रकाने, म्हणजे पुस्तक उघडलं की चार. दोऱ्यात ओवलेली चर्मपत्राची लहानशी खोळ, आत चकती, चकतीवर 1 ते 4 रोमन आकडे. हवा तो आकडा खोळीच्या खिडकीत आणला की रकाना ठरला. खोळ दोऱ्यावर वर-खाली सरकवली की ओळ ठरली. काचेखाली ती एक मळकट टिकली दिसते.

कॉर्पसच्या मागच्या फ्री स्कूल लेनवर व्हिपल म्युझियम आहे. ते विज्ञानाच्या जुन्या उपकरणांचं. तिथे मला जॉन वेस्टविकचं चाक बघायचं होतं. डिसेंबर 1951 मध्ये डेरेक दे सोला प्राइस नावाचा तरुण अभ्यासक इथल्या पीटरहाउस कॉलेजात जुन्या उपकरणांवरची हस्तलिखितं चाळत होता. पुढे याच माणसाने समुद्रातून निघालेल्या ग्रीक अँटिकिथेरा यंत्राचा उलगडा करण्यात मोठा वाटा उचलला. त्याच्या हाती इंग्रजीत लिहिलेलं, 1393 च्या आकडेमोडीचं एक पुस्तक लागलं: ग्रहस्थानं काढायचं यंत्र कसं बनवावं. एका टिपणात कवी चॉसरचं नाव होतं. हे खुद्द चॉसरच्या हातचं असावं असं प्राइसला वाटलं, वर्तमानपत्रं खूश झाली. पुढे साठ वर्षं वाद चालला. 2014 मध्ये कारी आन्ने रांड या विदुषींनी अक्षर जुळवून दाखवलं: हात सेंट ऑल्बन्सच्या जॉन वेस्टविकचा आहे.

वेस्टविकबद्दल फार माहिती नाही, आणि तरी तो तिघांत मला सगळ्यांत खरा वाटतो. सेंट ऑल्बन्सहून त्याला उत्तरेला समुद्रकाठच्या टाइनमथच्या शाखेत पाठवलं, 1383 मध्ये तो फ्लँडर्सवरच्या एका फसलेल्या धर्मयुद्धालाही जाऊन आला. त्याच्या पुस्तकात पानाला चकती नाही, कृती आहे, नेमकी आणि हाताने काम केलेल्या माणसाची. वर्तुळ 72 इंच व्यासाचं घ्या. काळा दोरा इथून, पांढरा दोरा तिथून. त्याने खोडलंय, सुधारलंय, पुन्हा लिहिलंय. हे स्वच्छ प्रत करून ठेवलेलं हस्तलिखित नाही, कच्चा मसुदा आहे. प्राइसने त्या काळी लाकडाची एक प्रतिकृती करवून घेतली होती. ती नंतर संग्रहालयाच्या कोठीत पडून राहिली आणि तिच्यावर 'किंग आर्थर्स टेबल' अशी चिठ्ठी लागली होती. गेल्या दशकात तिची खरी ओळख पटली. आता ती भिंतीला टेकून उभी आहे, माणसाहून उंच नाही, पण रुंदीने बघणाऱ्याला मागे सरायला लावते. तिच्यासमोर उभं राहिलं की मॅथ्यूच्या चकतीचं मोल कळतं. अचूकपणा हवा असेल तर चाक मोठं लागतं, आणि मोठं चाक पुस्तकात मावत नाही. पुस्तकातली चकती ही अचूकपणाशी केलेली तडजोड आहे, आणि तडजोड कुठे थांबवायची हे त्या मठवाशांना ठाऊक होतं.

छपाई आल्यावर ही कला संपली नाही, उलट बहरली. रेगिओमोंटानुसच्या 1470 च्या दशकातल्या छापील पंचांगात चकत्या आहेत, आणि पेटर आपियानने 1540 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्ससाठी काढलेल्या 'आस्ट्रोनोमिकुम कायसारेउम'मध्ये एकावर एक चढवलेल्या रंगीत चकत्यांचे थर आहेत. ते पुस्तक देखणं आहे, आणि मला जरा भपकेबाज वाटतं.

पीटरहाउसचं हस्तलिखित केंब्रिज डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर आहे, आणि तिथे वेस्टविकच्या यंत्राची पडद्यावर फिरवता येणारी प्रतिकृतीही जोडली आहे. म्हणजे माझी तक्रार दूर करणं अशक्य नाही, एका पुस्तकापुरती ती दूर झालेलीच आहे. आपल्याकडच्या ग्रंथसंग्रहांत पोथ्यांची डिजिटल छायाचित्रं काढण्याचं काम चालू आहे. ते करणाऱ्यांनी हे बघून ठेवावं. पानाची घडी असेल तर मिटलेली आणि उघडलेली, चित्र फिरवून वाचायचं असेल तर चारही बाजूंनी, अशी छायाचित्रं पहिल्याच वेळी काढावीत. पोथी पुन्हा बाहेर काढायला पुढे कुणाला वेळ मिळेल याची खात्री नसते.

केंब्रिजला जाणार असाल तर सोमवार ते शुक्रवारातला दिवस धरा, व्हिपल शनिवार-रविवारी बंद असतं. पार्कर ग्रंथालय बघायची वेळ आधी विचारून ठरवा. आणि जाणं जमणार नसेल तर घरी चंद्राची चकती करून बघा: जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालतो, दोरा सुती घ्या, टाचणी लावू नका.